गन शोला जाताना कमरेला भरलेलं पिस्तूल: एका घरातला वाद

‘माझा नवरा शनिवारी गन शोला जाणार आहे. लायसन्स आहे, म्हणून भरलेलं पिस्तूल शर्टाखाली लावूनच जाणार म्हणतो. सोबत 11 वर्षांचा मुलगा. मी नको म्हटलं की म्हणतो, तू घाबरट आहेस. मी खरंच उगाच घाबरते का?’

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी बाईंचा हा प्रश्न. गन शो म्हणजे बंदुका आणि त्यांचं सामान बघण्याचा, विकण्याचा बाजार. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण टेक्सासमधल्या मराठी घरांतून असा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. या बाई सांगलीत वाढलेल्या. बंदूक पाहिली ती फक्त बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावरची दुनळी. नवऱ्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावर, शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं, रीतसर प्रशिक्षण घेऊन लायसन्स काढलं. माणूस बेफिकीर नव्हता, हे आधी सांगायला हवं. दर महिन्याला नेमबाजीच्या रेंजवर जाणारा, पिस्तूल स्वच्छ ठेवणारा. आणि म्हणूनच ‘घाबरट’ आणि ‘हट्टी’ या दोन शब्दांपलीकडे वाद सरकत नव्हता.

समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत आम्ही दोघांना एकच काम दिलं: त्या गन शोची नियमावली उघडून मोठ्याने वाचा. बरीच जोडपी महिनाभर भांडतात आणि हे करत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक गन शोंच्या दारावर पाटी असते की आत भरलेलं शस्त्र आणू नये. विकायला किंवा सुटे भाग जुळवून बघायला स्वतःचं शस्त्र आणलं असेल तर ते दारातल्या टेबलावर दाखवायचं. तिथला पोलीस किंवा सुरक्षा कर्मचारी ते रिकामं असल्याची खात्री करून त्यात प्लास्टिकचा झिप टाय अडकवतो, म्हणजे स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण बंद होत नाही आणि गोळी भरता येत नाही. काही ठिकाणी लायसन्सधारकांना सूट असते, बहुतेक ठिकाणी नसते. राज्याचा कायदा आणि त्या जागेचा नियम दोन्ही बघावे लागतात. या जोडप्याच्या शोच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं: लायसन्स असलं तरी भरलेलं शस्त्र नको.

वाद तिथे संपायला हवा होता. संपला नाही. नवरा म्हणाला, ‘शर्टाखालचं कोण तपासतंय? मी ते बाहेर काढणारच नाही.’

मग बाईंनी जे सांगितलं ते त्या घरी कधी बोलल्या नव्हत्या. मुलाने त्यांना एकटं गाठून विचारलं होतं, ‘आई, तिथे काकांनी विचारलं, कुणाकडे बंदूक आहे का, तर मी काय सांगू?’ भीती पिस्तुलाची होतीच, पण जास्त टोचत होतं ते हे की पोराला खोटं बोलायची वेळ येणार. हे ऐकल्यावर नवरा बराच वेळ गप्प बसला. समुपदेशनात हा क्षण महत्त्वाचा असतो, पण त्यावर विसंबून राहू नये. लाजेने दिलेला होकार पुढच्या शोपर्यंत टिकत नाही. त्या माणसाला स्वतःच्या भाषेत, म्हणजे शस्त्राच्या भाषेत, कारण पटायला हवं होतं.

त्याचा मुद्दा असा होता: चांगल्या होल्स्टरमधलं, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानातलं, पिस्तूल आपोआप उडत नाही. हे जवळजवळ पूर्ण खरं आहे. ट्रिगर झाकणारं कडक होल्स्टर असेल, पिस्तूल चांगल्या अवस्थेतलं असेल आणि त्याला कुणी हात लावत नसेल, तर ते दिवसभर कमरेला राहिलं तरी काही होत नाही. बार उडतो तो हाताळताना: भरताना, रिकामं करताना, होल्स्टरमध्ये परत सरकवताना, कुणाला दाखवताना. ट्रिगर ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागणाऱ्या पिस्तुलात जॅकेटची दोरी होल्स्टरमध्ये अडकली तरी पुरते.

आणि गन शो ही तर हाताळण्याचीच जागा. तिथे माणूस नवं होल्स्टर विकत घेतो आणि बसतं का बघायला आपलं पिस्तूल काढतो. मुठीचं रबर बदलून बघतो, नेम धरायची नवी साइट जुळते का बघतो. मित्र भेटतो, म्हणतो, ‘कोणतं वापरतोस? दाखव.’ ‘मी बाहेर काढणारच नाही’ हा संकल्प दुकानात, देवळात, रस्त्यावर टिकतो. गन शोमध्ये तो मोडायची कारणं दर दहा पावलांवर मांडून ठेवलेली असतात. शिवाय टेबलांवरची शेकडो शस्त्रं रिकामी आहेत असं गृहीत धरून सगळा बाजार चालतो. लोक नळ्या इकडेतिकडे फिरवतात, ट्रिगर कसा लागतो हे दाबून बघतात. रिकाम्यांच्या त्या गर्दीत एक भरलेलं मिसळलं, तर वेगळं ओळखू येत नाही.

नवऱ्याला दाखला हवा होता. 19 जानेवारी 2013 चा दिला. त्या एका शनिवारी तीन वेगवेगळ्या गन शोंमध्ये अपघाताने बार उडाले आणि पाच जण जखमी झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात एक जण विकायला आणलेली 12 बोअरची शॉटगन घेऊन दारातल्या तपासणीच्या टेबलापाशी आला. खोळीची चेन उघडताना बार उडाला आणि छर्रे तिघांना लागले. ओहायोतल्या मेडिनामध्ये एका विक्रेत्याने पिस्तूल हातात घेऊन बघताना ट्रिगर दाबला. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलेलं होतं, पण चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, एक गोळी राहिली होती. ती त्याच्याच मित्राच्या हाताला आणि पायाला लागली. इंडियानापोलिसमध्ये एक जण शोमधून बाहेर पडून पार्किंगमध्ये आपलं .45 बोअरचं पिस्तूल परत भरत होता. गोळी त्याच्याच हातात गेली.

तिसरी घटना ऐकून नवरा म्हणाला, ‘हे तर माझंच म्हणणं झालं. आत न्यायला परवानगी असती तर त्याला पार्किंगमध्ये भरावं लागलंच नसतं.’ या मुद्द्यात दम आहे, आणि तो तसा मान्यही केला. दारावरची पाटी धोका नाहीसा करत नाही. काही धोका दाराबाहेर, गाडीच्या अरुंद सीटवर, घाईत आणि कमी उजेडात ढकलते. म्हणून ‘दारात रिकामं करीन, निघताना भरीन’ ही तडजोड सगळ्यात वाईट. तिच्यात दोन जादा हाताळण्या आहेत. (तीच गोळी पुन्हापुन्हा चेंबरमध्ये चढवली की तिचं पुढचं टोक काडतुसात हळूहळू मागे दबतं आणि उडताना दाब धोकादायक वाढू शकतो, हा वेगळाच तोटा.) गाडीत ठेवून जावं म्हटलं तर गाडी फोडून पिस्तूल पळवणारे गन शोच्या पार्किंगवर डोळा ठेवून असतात. आमचं मत म्हणून आम्ही सरळ सांगितलं: बघायला जायचं असेल तर पिस्तूल घरीच, तिजोरीत. विकायला न्यायचं असेल तर घरूनच रिकामं करून, टाय लावून, कडक पेटीत, गोळ्या वेगळ्या, आणि घरी परत येईपर्यंत भरायचं नाही.

‘रिकामं’ या शब्दावर एक अख्खी बैठक गेली, आणि ती वाया गेली नाही. बाईंना पिस्तूल रिकामं आहे हे कसं ओळखायचं ते माहीतच नव्हतं. त्यांना नवऱ्याच्या शब्दावर जगावं लागत होतं. भीतीचा मोठा भाग तिथला होता. म्हणून नवऱ्याने क्रम सांगायचा आणि बाईंनी प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारायचं, असं ठरलं.

नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या कडीबाहेर. सुरक्षित दिशा म्हणजे गोळी थांबेल अशी दिशा. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या आणि लाकडी चौकटीच्या. नऊ एमएमची गोळी अशा भिंतींतून सहज पलीकडे जाते. ‘भिंतीकडे’ म्हणजे कित्येकदा मुलाच्या खोलीकडे! म्हणून नळी रोखायला त्यांनी गॅरेजमध्ये पाच गॅलनची बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरून ठेवली. मग आधी मॅगझिन काढायचं, नंतर स्लाइड ओढायची. हा क्रम उलटा झाला तर स्लाइडने चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि परत येताना मॅगझिनमधली दुसरी आत चढते. मग मॅगझिन काढून माणूस समजतो, झालं रिकामं. स्लाइड दोनतीनदा ओढून मागे अडकवायची. चेंबरमध्ये बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, कारण गोळी ओढून काढणारी आकडी झिजली किंवा तुटली तर गोळी आतच राहते. नजर दुसरीकडे न्यायची आणि पुन्हा बघायचं. डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं. मग झिप टाय: गोळी बाहेर पडते त्या खिडकीतून आत, मॅगझिनच्या खाचेतून बाहेर. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्र उघडं ठेवून वरच्या पट्टीभोवती. बऱ्याच शॉटगनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक दडलेली असतात, चेंबर रिकामा दिसला तरी. तिथे मोजून सगळी काढावी लागतात.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी हे सगळं स्वतःच्या हाताने केलं. त्या म्हणाल्या, ‘मला ते अजूनही आवडत नाही. पण आता मला बघता येतं.’ हे वाक्य आम्हाला मोलाचं वाटलं. आवडून घेणं हे उद्दिष्ट नव्हतंच.

घरातल्या दोन गोष्टी मात्र तातडीच्या निघाल्या. पिस्तूल रात्री उशाच्या खणात, भरलेलं आणि कुलपाशिवाय असायचं. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं आणि ते त्याच्या हाती लागणं हा गुन्हा आहे. बोटांनी कोड दाबून क्षणात उघडणारी छोटी तिजोरी पलंगाच्या चौकटीला बोल्टने बसवायची, हे त्याच दिवशी ठरलं. शोबद्दलच्या वादापेक्षा हे काम पहिलं होतं. दुसरी गोष्ट व्हिसाची. नवऱ्याचा एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा मित्रही शोला येणार होता आणि ‘एखादं घेईन’ म्हणत होता. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे; वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, देशात राहण्यावर गदा येते. अशा वेळी इमिग्रेशन वकिलाला आधी विचारावं, मित्राच्या शब्दावर जाऊ नये.

खंडेनवमीचाही विषय निघाला. नवऱ्याला पिस्तूल पूजेत ठेवायचं होतं. बाईंनीच तोडगा सुचवला: रिकामं, टाय लावलेलं, हळदकुंकू पाटावर वाहायचं, आणि मुलांनी नमस्कार लांबून करायचा.

शनिवारी बापलेक शोला गेले ते पिस्तूल घरी ठेवून. मुलाने दारातली तपासणी बघितली आणि घरी आल्यावर आईला टाय कसा अडकवतात ते पेन आणि रबरबँड घेऊन दाखवलं. नवरा मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर अजूनही पिस्तूल लावून जातो; बाईंना ते पटत नाही, आणि त्यावरचं बोलणं चालू आहे. पुढची बैठक त्याचीच आहे.