तांबडी पालवी हा रोग नाही: कोयीपासून आंबा लावणाऱ्यांना उत्तरं

पाऊस पडल्यापासून आलेले प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे आहेत. आंबा गोड निघाला म्हणून कोय कुंडीत, पिशवीत नाहीतर बांधावर खुपसली. ती उगवली. मग कृषी सेवा केंद्रात जाऊन विचारलं, "याला काय टाकू?" इथंच घोळ झाला. काउंटरपलीकडच्या माणसाला "काय टाकू" विचारलं की तो काहीतरी टाकायला देणारच, त्याचं दुकान त्यावर चालतं. उत्तरं मराठवाड्यातल्या जमिनी आणि हवा धरून दिली आहेत, कोकणातल्यांनी वेळा थोड्या आधीच्या धराव्यात.

प्रश्न: पाहुण्यांनी रत्नागिरीहून हापूसची पेटी आणली होती. त्यातल्या आठ कोया उगवल्या. झाडाला हापूसच लागेल ना?

नाही. हापूसच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असतो. मोहोरावर माशी बसली, ती आधी कोणत्या झाडावर बसून आली होती कुणास ठाऊक. आई हापूस, बाप बेपत्ता. आणि बाप माहीत असला तरी भरवसा नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना ही जात आली, ती खायला उत्तम. त्याच दोघांच्या संकरातून १९९९ मध्ये कोकण रुची आली, ती लोणच्याची. सख्खी भावंडं, एक ताटात आणि एक बरणीत. तुमच्या आठ कोयींतून आठ वेगळे आंबे निघतील. ते बघायला सहा-आठ वर्षं थांबावं लागेल आणि बहुतेक निराशाच होईल.

पण रोपं उपटू नका. कोयीचं रोप हा खुंट आहे, म्हणजे कलमाचा खालचा भाग, त्यावर केसरची काडी बांधता येते. हापूसचं कलम बांधायचा हट्ट मात्र सोडा, किनाऱ्यावरची हवा आपल्याकडे विकत मिळत नाही. आपल्याकडे केसर जमतो.

प्रश्न: रोपाची पानं तांबूस होऊन खाली लोंबतात. दुकानदारानं बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्य आणि टॉनिक एकत्र मारायला दिलंय. मारू का?

मारू नका. दर जुलैत मी हे उत्तर देतो आणि दर जुलैत तीच बिलं बघतो. आंब्याची कोवळी पालवी तांबडीच असते, मऊ असते, लोंबतेच. तुमच्या घराशेजारच्या म्हाताऱ्या झाडाची नवी पालवी जाऊन बघा, तिचाही रंग तोच. पंधरा-वीस दिवसांत ती पोपटी होते, मग हिरवी आणि ताठ. त्याआधी फवारलं तर कोवळं पान करपतं. मग आठव्या दिवशी पान करपलं म्हणून तुम्ही परत दुकानात, आणि दुकानदार म्हणतो, "बघा, रोग वाढला." रोग बाटलीत होता.

पान तांबूस आहे म्हणून काहीही मारायचं नाही. उलट ही तांबूस अवस्था शेंडा कलम (खुंटाच्या शेंड्यात चीर देऊन दुसरी काडी बसवायची) बांधायला सगळ्यांत चांगली. दुकानदाराला जिथं रोग दिसतो, तिथं कलम बांधणाऱ्याला मुहूर्त दिसतो.

प्रश्न: पिशवीतल्या रोपांना १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणि ह्युमिक सोडलं, वाढ व्हावी म्हणून थोडा युरियाही दिला. आता पानांची टोकं जळालीत.

जळणारच. कोय म्हणजे रोपाची शिदोरी. पहिली पानं हिरवी होईपर्यंत रोप त्या शिदोरीवर जगतं, त्याला बाहेरचं खत लागत नाही. किलोभर मातीच्या पिशवीत चिमूटभर युरिया म्हणजे मुळाला मिठाच्या बरणीत बसवल्यासारखं. आता पिशवीच्या बुडाची भोकं मोकळी करा आणि दोन-तीन वेळा भरपूर साधं पाणी सोडून निथळू द्या. जळालेली पानं तोडू नका, नवी पालवी येईल. रोप बुंध्याशी काळं पडून मान टाकत असेल तरच कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे बुडाशी ओतायचं, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम. पंचवीस म्हणजे पंचवीस. "जरा जास्त घालू, लवकर गुण येईल" हे डोक्यातून काढा. "अंदाजे एक झाकण" हे माप नव्हे. आणि तीन बाटल्या एका पंपात ओतू नका, कुणीही सांगितलं तरी.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, पॅक्लोब्युट्राझोल घातलं की कोयीच्या झाडालाही तिसऱ्या वर्षी मोहोर येतो.

हे सांगणाऱ्याकडून पुढं काहीही घेऊ नका. पॅक्लोब्युट्राझोल झाडाची शाकीय वाढ, म्हणजे पाना-फांद्यांची वाढ, रोखतं. दहा वर्षांपुढच्या, पूर्ण विस्तार झालेल्या हापूसला ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या घेराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलि या मापानं, बुंध्याभोवती दिलं जातं. ज्या रोपाची आत्ता वाढच व्हायची आहे, त्याची वाढ रोखून तुम्ही काय मिळवणार? शेंडा आखडतो, पेरं चिकटतात, पानांचा गुच्छ होतो. जमिनीत ते बराच काळ टिकतं, त्यामुळे पुढच्या वर्षी चूक कळली तरी काढून घेता येत नाही. लहान झाडाला नाही, थोडंसुद्धा नाही, "निम्मा डोस" सुद्धा नाही.

प्रश्न: एका कोयीतून तीन कोंब आले. वेगळे करून लावू का?

केरळकडच्या ओलूर, चंद्रकारन, कुरुक्कन अशा काही जातींत एका कोयीत अनेक अंकुर असतात आणि त्यातली रोपं आईसारखी निघतात. आपल्या गावरान कोयीत असं झालं तर फार विचार करू नका. जोमदार कोंब ठेवा, बाकीचे खुडा.

प्रश्न: मग कोयीपासून करायचं तर नेमकं कसं? दोन एकरांवर केसर करायचा विचार आहे. लोक म्हणतात रोपवाटिकेतली कलमंच आणा.

लोक म्हणोत. माझं मत वेगळं आहे आणि ते मी प्रत्येक शिवारात सांगत आलोय: आपल्या कोरडवाहू जमिनीत कोय जागेवरच लावा आणि कलमही जागेवरच बांधा.

कारण मुळात आहे, अक्षरशः. मागच्या उन्हाळ्यात एका शेतावर वाळलेलं कलम उपटलं. दोन वर्षांचं झाड, पाणी चालू होतं, तरी गेलं. माती झाडली तर सोटमूळ पिशवीच्या बुडाशी जिलबीसारखं वळलेलं. दोन वर्षं जमिनीत राहूनही ते जिलबीच होतं, खाली गेलंच नव्हतं. जागेवर लावलेल्या कोयीचं मूळ सरळ खाली जातं, ओल शोधतं. एप्रिल-मेमध्ये फरक कळतो.

खड्डा उन्हाळ्यातच घ्यायचा, मीटरभर लांब-रुंद-खोल, आणि पंधरा-वीस दिवस तापू द्यायचा. चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि दीड ते दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून भरायचा. कच्चं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. यंदा खड्डे नसतील तर दोन एकरांची घाई करू नका. बांधावर चार-पाच झाडं लावायची असतील तर दोन फुटांचा खड्डा आत्ताही चालतो.

कोय गावरान आंब्याची, जोमदार झाडाची. केसरचीच हवी असं काही नाही. आंबा खाल्ला की कोय धुवा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लावून टाका. उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवू नका. आंब्याची कोय ज्वारीचं बियाणं नाही, महिनाभरात तिचा जीव जातो. पाण्यात टाकून बघा, तरंगेल ती फेका. बारीक भोक दिसलं तर आत भुंगा आहे, तीही फेका. एका खड्ड्यात तीन-चार कोया, वीतभर अंतरानं, कुबडाची बाजू वर, वर दोन बोटं माती. दोन-तीन आठवड्यांत उगवतात. पहिला उन्हाळा सावली आणि आठवड्याला पाणी, एवढंच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन चांगली रोपं ठेवा, म्हणजे एक कलम फसलं तर दुसरं असतं.

कलम दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, हवेत दमटपणा असताना. खुंट पेन्सिलएवढा आणि वर तांबूस पालवी. कलमकाडी फळं देणाऱ्या, तुम्ही स्वतः चाखलेल्या केसरच्या झाडाची, तीन-चार महिन्यांची, खुंटाच्याच जाडीची. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापा. देठ बोट लावताच गळायला लागले आणि डोळा फुगला की काडी तयार. खुंटाला दीड-दोन इंच चीर, काडीला तेवढीच पाचर, साल सालीला भिडली पाहिजे, आणि २०० गेजच्या प्लास्टिक पट्टीनं घट्ट. वर पातळ पिशवीची टोपी, ती डोळे फुटले की काढायची. नोव्हेंबर-डिसेंबरात कुणी "आत्ताही बांधून देतो" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. थंडीत खुंटाला पालवी नसते, रस नसतो, काडी वाळते.

आता जिथं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते. जोडाखालची फूट. एका बागेत मला सहा वर्षांची झाडं दाखवली, डेरेदार, केसर म्हणून जपलेली, आणि फळ लिंबाएवढं, आंबट. खाली वाकून बुंधा बघितला. बुंध्याच्या कडेला बोटभर वाळकी काडी, तिला अजून प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. केसर पहिल्याच वर्षी मेला होता. शेजारून खुंट वाढला, आणि सहा वर्षं खतपाणी त्या खुंटाला घातलं गेलं. वास्तविक पंधरा दिवसांतून एकदा जोडाखालचा कोंब बोटानं खुडला असता तर पुरलं असतं, पैसाही लागला नसता. पट्टीही दोन-तीन महिन्यांनी कापा, नाहीतर ती खोडात रुतते आणि झाड वाऱ्यानं जोडावर मोडतं. कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर आला तर हौस करू नका, तोडा. तीन-चार वर्षं तोडा.

ज्यांच्या रोपांच्या पिशव्या आत्ता हातात आहेत, त्यांनी मूळ वळायच्या आत मातीच्या गड्ड्यासकट ती जमिनीत न्यावीत आणि पुढच्या वर्षी तिथंच बांधावं.

प्रश्न: अनुदान मिळेल का?

रोजगार हमीतून (जॉब कार्ड हवं) किंवा भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून. फुंडकरचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. या योजनेत आपल्याकडे ०.२० ते ६ हेक्टर क्षेत्राला, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं, आणि पुढचा हप्ता जिवंत झाडं मोजून. कलमं सरकारी किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच लागतात. जागेवर कलम करणार असाल तर खड्डा खणायच्या आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा, नंतर नाही.

प्रश्न: गावात गाडीवर कलमं आलीत, फळ लागलेली. स्वस्त आहेत.

फळ लागलेलं आहे म्हणूनच घेऊ नका. पिशवीतलं फळ म्हणजे झाडाचा जीव विकायला काढलाय. पिशवी उलटी करून बुडाची भोकं बघा, मूळ बाहेर येऊन वळलेलं असेल. जोड बघा, बऱ्याचदा जोडच नसतो, नुसतं कोयीचं रोप असतं. बिल मागा, गाडी निघून जाईल.

केसरच्या काड्या नेण्यासाठी तालुक्याच्या रोपवाटिकेत येणाऱ्यांनी ओलं गोणपाट घेऊन या, सकाळी दहाच्या आत. प्लास्टिकच्या पिशवीत काडी घरी जाईपर्यंत उकडते.