पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

प्रश्न: माझ्या ईमेलवरून ओळखीच्या लोकांना ‘अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठवा’ असे मेल गेले. मी लगेच पासवर्ड बदलला. तरी काही दिवसांनी पुन्हा तसेच मेल गेले, शिवाय खरेदीच्या एका साइटवर माझ्या खात्यात कुणीतरी शिरलं. पासवर्ड बदलूनही हे होतं कसं?

उत्तर: पासवर्ड बदललात ते योग्यच केलंत. पण एकदा आत आलेला माणूस पासवर्डाच्या भरवशावर राहत नाही, परत येण्याची सोय आधीच करून ठेवतो. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळले. असं खातं तपासायला आलं की मी सगळ्यात आधी सेटिंगमधले फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते ठरवणारे नियम, उघडते. एका खात्यात सापडलेला नियम अजून लक्षात आहे. ‘पासवर्ड’ किंवा ‘बँक’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचा, त्यावर ‘वाचला’ अशी खूण करायची आणि तो कचरापेटीत टाकायचा. नियमाला नाव म्हणून नुसतं एक टिंब दिलेलं होतं, म्हणजे यादीत सहज नजरेत भरू नये. खातेदार रोज तोच इनबॉक्स उघडत होते आणि त्यांना काहीच वावगं दिसत नव्हतं.

तुमच्याकडेही बहुधा असंच काही झालं असावं. खरेदीच्या साइटवर चोराने ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं. नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक तुमच्या मेलवर आली, नियमाने ती त्याच्याकडे पोचवली आणि तुमच्याकडून हटवली. तुमची बाकीची बहुतेक खाती याच एका पत्त्यावर टांगलेली आहेत, म्हणून आधी मेल पूर्ण ताब्यात घ्या. त्याशिवाय दुसऱ्या साइटचे पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही.

हे काम शक्यतो दुसऱ्या, खात्रीच्या कॉम्प्युटरवरून करा. तुमच्याच मशीनमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम बसला असेल तर नवा पासवर्डही टाइप करताक्षणी त्याच्याकडे जाईल. पासवर्ड पुन्हा बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा, कारण काही सेवांमध्ये आधीपासून उघडं असलेलं लॉगिन नुसत्या पासवर्ड बदलाने बंद होत नाही. मग खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना, ते अक्षर-अक्षर तपासा. फॉरवर्डिंग (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय) आणि फिल्टर बघा. शेवटी खात्याला जोडलेल्या अ‍ॅपची यादी उघडा आणि जे ओळखीचं नाही त्याची परवानगी काढा. या यादीकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं, आणि तिथली परवानगी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. एवढं झाल्यावर टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा आणि मग बाकीच्या खात्यांकडे वळा. ज्यांना ते मेल गेले त्यांना मात्र आजच फोन करून सांगा. पैसे त्यांचे जाणार आहेत.

प्रश्न: दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा असं आम्हाला शिकवलं आहे. मी शेवटचा आकडा एकाने वाढवते. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही, आणि यात दोष तुमचा नाही. कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल, हा सल्ला जगभर पसरला तो मुख्यतः अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2003 सालच्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने ही सक्ती नव्या मार्गदर्शिकेतून काढून टाकली. सक्ती केली की माणसं तुमच्यासारखाच एक आकडा पुढे सरकवतात, आणि चोरांचे प्रोग्राम तो अंदाज सहज बांधतात.

खरा धोका आहे तो एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात. 2012 मध्ये ड्रॉपबॉक्स या फाइली साठवण्याच्या सेवेने स्वतःच सांगितलं होतं, की दुसऱ्या साइटवरून चोरलेले पासवर्ड वापरून त्यांच्या काही ग्राहकांच्या खात्यांत लोक शिरले, आणि एका कर्मचाऱ्याचं खातंही चोरलेल्या पासवर्डनेच उघडलं गेलं. चुकलेली साइट दुसरीच असते, भुर्दंड मात्र तुम्हाला बसतो. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड हवा. इतके लक्षात राहणार नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवा. तो नको वाटत असेल तर घरात नीट जपलेली वहीसुद्धा मला चालते. परक्या देशात बसलेल्या चोराचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. एखाद्या साइटवरून चोरीला गेलेल्या माहितीत तुमचा ईमेल सापडला आहे का, हे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. तिथे एखाद्या साइटचं नाव निघालं तर त्या साइटचा पासवर्ड बदला, आणि तोच जिथे जिथे वापरला असेल तिथलाही.

प्रश्न: घर भाड्याने घेताना, नोकरीला अर्ज करताना ओळखपत्राची प्रत ईमेलने मागतात. देणं भाग असतं. काय काळजी घ्यावी?

उत्तर: प्रतीच्या मधोमध, फोटो आणि नंबरवरून आडवं जाईल असं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहिलेली प्रत कर्ज काढायला वापरणं अवघड होतं. कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापून टाकता येतो. नंबर झाकायची मुभा असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोनाने झाका. फोनमधल्या हायलायटरचे काळे फराटे वरवर गडद दिसतात, पण चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात.

आणि आज एक काम करा. स्वतःच्या मेलच्या ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये ‘पासपोर्ट’, ‘ओळखपत्र’, ‘सही’ असे शब्द टाकून शोधा, मराठीत आणि इंग्रजीतही. कित्येक वर्षांपूर्वी पाठवलेल्या प्रती तिथे तशाच पडलेल्या असतात. मेल फोडणाऱ्याला तुमच्या नावाने खातं उघडायला लागणारं सगळं एका जागी मिळतं. हवं ते उतरवून घ्या, बाकी काढा आणि कचरापेटीही रिकामी करा.

प्रश्न: टू-स्टेपसाठी एसएमएसवरचा कोड चांगला की अ‍ॅपमधला?

उत्तर: अ‍ॅपमधला. तो फोनमध्येच तयार होतो, मेसेजने येत नाही. तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर वळवला की एसएमएस त्याच्याकडे जातात. 2019 मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातंही फोन नंबर ताब्यात घेऊनच वापरलं गेलं. पण अ‍ॅपचा कोडसुद्धा नकली साइटवर टाइप केलात तर गेलाच. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करण्याची सोय) मिळत असेल तर तीच घ्या. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही. यातलं काहीच मिळत नसेल तर एसएमएस ठेवा, काही नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजारच्या माणसाचं चालू असेल, तर नंबर वळवला गेला असू शकतो, वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.