फळ्यावरचा नमुना पुसून टाका

या महिन्यात प्राथमिक शाळेतील चित्रकला आणि हस्तकला या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. उत्तरे प्राथमिक वर्गांना अनेक वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखकाची आहेत.

प्रश्न : मी एका दोन शिक्षकी मराठी शाळेत पहिली ते तिसरीचे वर्ग एकत्र सांभाळते. चित्र काढा म्हटले की सगळी मुले दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी काढतात. मला स्वतःला फारसे काढता येत नाही. फळ्यावर जमेल तसे काढून दाखवते आणि मुले ते उतरवतात. याहून वेगळे काय करता येईल?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, तुम्हाला चित्र काढता येत नाही याचा तुमच्या मुलांना फायदाच होईल, कारण फळ्यावर नमुना काढून देण्याचा मोह चित्रकलेच्या शिक्षकापेक्षा तुम्हाला लवकर सोडता येईल. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी फळ्यावर मोठा सुबक मोर काढीत असे आणि तास संपताना चाळीस मोर गोळा करीत असे. ते सगळे माझ्याच मोराची कमी-अधिक बिघडलेली पिल्ले असत, आणि त्या चाळीस मुलांपैकी किती जणांनी खरा मोर पाहिला आहे हे विचारण्याचे मला एकदाही सुचले नाही.

दोन डोंगरांचे ते चित्र मुले थोरल्या भावंडांच्या वहीतून घेतात आणि पुढे धाकट्यांना देतात. तुमच्या तालुक्यात तर ते सरळच खोटे ठरते. जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या मुलाने रोज पाहिलेला डोंगर लांबलचक, झाडीने भरलेला आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस ढगात बुडालेला असतो. शिवाय सह्याद्रीची मुख्य रांग खानापूर गावाच्या पश्चिमेला असल्यामुळे तिच्याआड सूर्य उगवत नाही, मावळतो. मात्र ही चूक म्हणून सांगू नका. एके दिवशी परिपाठानंतर मुलांना आवारातच थांबवून सूर्य कोणत्या बाजूला आहे आणि डोंगर कोणत्या बाजूला आहे एवढेच विचारा आणि काहीही न सांगता वर्गात न्या.

नमुन्याच्या जागी प्रश्न ठेवावा, आणि तो प्रश्न अंगावरून गेलेल्या गोष्टीचा असावा. ‘पावसाळा’ हा विषय दिला की छत्री घेतलेली मुलगी सगळ्यांच्या कागदावर येते. ‘आज शाळेत येताना तू कोणाच्या छत्रीत होतास आणि तुझा कोणता खांदा भिजला?’ असे विचारले की प्रत्येकाचे चित्र वेगळे होते, कारण खांदा प्रत्येकाचा वेगळा भिजलेला असतो. कौलातून गळणारे पाणी घरात कोठे कोठे भांड्यांत धरले आहे, महालक्ष्मीच्या यात्रेत गर्दीत तुझा हात कोणी धरला होता, गोठ्यात रात्री कोण कोणाशेजारी बसते, असे प्रश्न आधी पाच-दहा मिनिटे तोंडी बोलून घ्यावेत आणि मगच कागद वाटावेत. एकदा मी ‘रात्री वीज गेली तेव्हा’ असा विषय दिला होता. दुसरीतल्या एका मुलाने सगळा कागद काळ्या खडूने भरला आणि एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा पिवळा ठिपका ठेवला. खडू संपवला म्हणून मी त्याच्यावर ओरडणारच होतो. पण तो म्हणाला, ‘गुरुजी, तिथं आई चूल फुंकायल्या.’

तीन इयत्ता एकत्र असल्याची काळजी नको. प्रश्न सर्वांना एकच द्यावा, अपेक्षा मात्र वेगवेगळी ठेवावी. बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड (१९०३–१९६०) यांनी वयानुसार जे टप्पे सांगितले ते आपल्या वर्गातही सहज ओळखू येतात. सुमारे सातव्या वर्षापर्यंत मुलाच्या कागदावर वस्तू तरंगत असतात, आणि जे त्याला महत्त्वाचे वाटते ते मोठे होते. सात ते नऊच्या दरम्यान कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते, तिच्यावर माणसे, झाडे आणि गुरे ओळीने उभी राहतात, आकाशाची निळी पट्टी वर चिकटते आणि मध्ये कोरा कागद राहतो. आपण लगेच ‘आकाश खालपर्यंत रंगव’ म्हणतो. पण मुलाच्या दृष्टीने आकाश वर आहे, जमीन खाली आहे आणि मध्ये हवा आहे, यात त्याचे काहीच चुकलेले नाही. घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, तेही याच वयात. हे सारे आपोआप मागे पडते. त्याला दुरुस्तीची गरज नसते. खरा नाजूक काळ पुढे नवव्या-दहाव्या वर्षी येतो, कारण तेव्हा मूल ‘माझे चित्र खऱ्यासारखे दिसत नाही’ म्हणून हात आखडते. अशा मुलाला पडवीत बसवून कौलांची एकच ओळ किंवा स्वतःची एकच चप्पल पाहून काढायला सांगावी.

मुलाच्या चित्राकडे पाहून ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. विचारल्यावर मूल ओशाळते. ‘मला सांग बघू यातले’ म्हटले की ते बोलते.

प्रश्न : बेंदराच्या सुमारास आम्ही मुलांकडून मातीचे बैल करून घेतो. शेतातलीच काळी माती आणतो. दुसऱ्या दिवशी निम्म्या बैलांना भेगा पडलेल्या असतात, शिंगे आणि पाय गळून पडतात, मुले हिरमुसतात. काय चुकते?
— एक मुख्याध्यापक, चिकोडी तालुका

उत्तर : तुमची माती काळी आहे, हेच मुख्य कारण. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्याच लहान आकारात बैलाच्या पोटावर पडतात. खानापूरची माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे, त्यामुळे तिकडच्या शाळांना हा त्रास कमी होतो. तुम्ही माती बदलण्याची गरज नाही, तिच्यात भर घाला. माती वाळवून, फोडून, चाळून दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्यावी आणि मळताना साधारण तीन वाट्या मातीला एक वाटी चाळलेली बारीक वाळू घालावी. तांबडी माती मिळत असेल तर तीही चालते. प्रमाण गावागणिक बदलते, म्हणून करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहावी. ती तडकली तर वाळू जास्त झाली किंवा पाणी कमी पडले; हाताला चिकटत राहिली तर आणखी थोडी वाळू हवी. वारुळाची माती उत्तम असते हे खरे आहे, पण मुलांना वारुळ उकरायला पाठवू नये. नागपंचमीला ज्याची पूजा होते त्याच्या आत खरोखरच कोणी असू शकते.

दुसरी चूक जोडण्यात होते. मुले धड वेगळे करतात, चार पाय वेगळे करतात आणि वरून दाबून बसवतात. त्यापेक्षा एकाच गोळ्यातून पाय, मान आणि शिंगे ओढून काढायला शिकवावे. जोडायचेच असेल तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून, मध्ये पातळ चिखल लावून दाबावे. शिंगे मजबूत व्हावीत म्हणून आत आगपेटीची काडी घालण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तीच घात करते, कारण माती आकसते, काडी आकसत नाही आणि नेमकी तेथेच भेग पडते. वाळवणे नेहमी सावलीत करावे, खाली गोणपाट अंथरावे, पहिल्या रात्री वरूनही ओले गोणपाट टाकावे आणि बैल रोज एकदा कुशीवर वळवावेत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की बाहेरचा थर आधी आकसतो आणि आतला ओलाच राहतो.

आता विषयाबद्दल थोडे. आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी कन्नड घरांत ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ होते; कन्नडमध्ये मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. दोन्ही घरांतली मुले एका वर्गात बसत असतील तर पहिला बैल ज्याच्या-त्याच्या घरच्या पद्धतीने होऊ द्यावा. दुसऱ्या बैलाच्या वेळी मात्र प्रश्न द्यावा, जसे की दमून बसलेला बैल, मारका बैल, माशी हाकलणारा बैल. मान कोणीकडे वळते आणि शेपूट कोठे जाते याचा विचार मुले तेव्हाच करतात. ज्याच्या घरी बैल राहिला नाही आणि ट्रॅक्टर आला आहे, त्याने ट्रॅक्टर केला तर तो करू द्यावा. सणाच्या दिवशी हा ट्रॅक्टर पाटावर ठेवायचा की नाही, हे त्याची आजी ठरवील.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. शाळेतून सारखे ‘प्रोजेक्ट’ येतात, कधी थर्माकोलचे घर तर कधी ज्वालामुखी. सामान दुकानातून येते, रात्री जागून काम आम्ही करतो आणि शेरा मुलाला मिळतो. आम्ही हात काढून घेतला तर तो मागे पडेल का?
— एक पालक, बेळगाव

उत्तर : शेऱ्यात कदाचित पडेल, पण सध्या मागे पडतो आहे तो मुलगाच, कारण काम तुम्ही शिकत आहात. बेळगावच्या गल्ल्यांत दिवाळीला हीच मुले किल्ले करतात, तेव्हा त्यांना कोणी छापील सूचना देत नाही. दगड कोठून आणायचे, तटाची माती ढासळू नये म्हणून काय करायचे, अळीव आणि मोहरी किती दिवस आधी पेरली म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ येईल, हे सर्व ती भांडत-भांडत ठरवतात. पुढच्या प्रोजेक्टला मुलाने स्वतः कापलेले वेडेवाकडे घर तसेच शाळेत पाठवा आणि बाईंना एक ओळ लिहा की हे त्याने एकट्याने केले आहे. शाळेने प्रोजेक्ट घरी न देता वर्गातच करून घ्यावेत, ही मागणी पालकसभेत चार पालकांनी मिळून मांडली तर ती मान्य होणे अवघड नसते.

प्रश्न : आमच्या सरकारी शाळेत रंग आणि कार्डशीट यांसाठी वेगळा पैसा नाही. एसडीएमसीकडे (शाळेच्या विकास व देखरेख समितीकडे) दर वेळी हात पसरणे बरे वाटत नाही. कमी खर्चात वर्षभर काय करता येईल?
— एक शिक्षक, निपाणी तालुका

उत्तर : शाळेच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. अक्षरदासोहात, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणात, अंडी येत असतील तर त्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे टाकू नका. ते तुकडे करून भिजवावेत, पाणी उकळून शिजवून घ्यावेत (कच्च्या अंड्यांना लागलेला पुठ्ठा असल्यामुळे ही पायरी चुकवू नये), कुटून लगदा करावा आणि त्यात मेथीची पूड मिसळावी. आपल्या आज्या लगद्याच्या टोपल्या याच रीतीने करीत. मेथीमुळे लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. यापासून मुखवटे फार चांगले होतात. चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ पुरेशी आहे. पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्यामुळे शाळेत घालू नये; खळ रोज ताजी करावी.

रंगांसाठी तांबडी माती, गेरू, कोळसा आणि कपड्यांची नीळ वस्त्रगाळ करून, रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात कालवाव्यात. हळदीचा पिवळा रंग सुंदर येतो, मात्र उन्हात लवकर उडतो. त्याच हळदीवर शिक्षकाने स्वतः चुन्याच्या निवळीचे थेंब टाकून दाखवावे. पिवळ्याचा तांबडा होताना पाहून वर्ग ओरडतो. चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यांत गेल्यास इजा होते. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की जांभळट निळा रंग उमटतो आणि त्यावर लिंबू पिळले की तो गुलाबी होतो. रंग तयार करताना त्यांची नावे दोन्ही भाषांत म्हणून घ्यावीत: तांबडा म्हणजे केंपु, हिरवा म्हणजे हसिरु, काळा म्हणजे कप्पु. कन्नडच्या तासाला अडखळणारी मुले येथे न अडखळता बोलतात.

कागद पाठकोरे चालतात. मुसळधार पावसाच्या आठवड्यांत पाण्याचे रंग वाळत नाहीत, तेव्हा कोळसा, खडू आणि फाडलेल्या कागदांची चिकटचित्रे घ्यावीत.

प्रश्न : प्रतिभा कारंजी या कर्नाटकातील शालेय कलास्पर्धेसाठी माझ्या वर्गातील एका मुलीची चित्रकलेत निवड झाली आहे. तिच्याकडून एकच चित्र पुन्हा पुन्हा गिरवून घ्यावे, असे सहकारी सांगतात. आपले मत काय?
— एक शिक्षिका, बेळगाव तालुका

उत्तर : गिरवून पाठ झालेले चित्र केंद्र पातळीवर निभावून जाते, पुढे तालुक्याला आयत्या वेळी वेगळा विषय मिळाला की तीच मुलगी रडकुंडीला येते. त्यापेक्षा स्पर्धेपर्यंत तिला रोज अर्धा तास पाहून काढायला बसवा: हापशावरची रांग, खिचडी वाढणाऱ्या मावशी, दप्तरांचा ढीग. वेळ लावून काढण्याची सवय दोन-तीन वेळा करून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. वर्गातील इतर मुलांनाही त्याच विषयांवर काढू द्या आणि सर्वांची चित्रे दोरीला चिमट्यांनी लावा. स्पर्धेत दिलेले चित्र अनेकदा तेथेच राहून जाते, म्हणून जाण्यापूर्वी ते परत मिळेल का हे आयोजकांना विचारून ठेवा. निवड झाली काय किंवा न झाली काय, परत आल्यावर ती मुलगी आधी तेच विचारील.