नवा जोडीदार आणि जुनी पोटगी

प्रश्न: 2019 मध्ये हिंदू विवाह कायद्याखाली माझा घटस्फोट झाला. कौटुंबिक न्यायालयाने कलम 25 खाली मला दरमहा 12 हजार आणि मुलीसाठी वेगळे 8 हजार मंजूर केले. वर्षभरापासून मी ऑफिसमधल्या सहकाऱ्यासोबत राहते, लग्न केलेलं नाही. पूर्वीच्या पतीने दोन महिने पैसे बंद केलेत आणि वर्षभराची पोटगी परत मागणारी नोटीस वकिलामार्फत पाठवली आहे. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, नोटिशीला घाबरू नका, पण ती कपाटातही टाकून देऊ नका. कोर्टाच्या हुकमाने सुरू झालेली पोटगी कोर्टच थांबवू शकतं. पूर्वीच्या पतीची तक्रार असेल तर त्यांनी अर्ज करून हुकूम बदलून घ्यायला हवा होता. थकलेल्या दोन महिन्यांसाठी तुम्ही दरखास्त, म्हणजे हुकमाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करू शकता. त्यात त्यांच्या पगारावर जप्तीही मागता येते. आणि तुम्ही आजवर घेतलेले पैसे हुकमानेच मिळालेले आहेत, ते नुसत्या नोटिशीने परत जात नाहीत.

तरीही तुमची बाजू भक्कम आहे, असं मी म्हणणार नाही. कलम 25(3) प्रमाणे पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं, किंवा ती घेणारी पत्नी ‘शीलवान राहिली नाही’, तर कोर्ट हुकूम बदलू किंवा रद्द करू शकतं. ही 1955 ची भाषा मला स्वतःला खटकते. पण कायद्यात ती आजही आहे आणि समोरचे वकील नेमकं तिच्यावरच बोट ठेवतील. ‘लग्न केलं नाही, म्हणजे पोटगी शाबूत’ या भरवशावर राहू नका. 2018 मध्ये व्यभिचार हा फौजदारी गुन्हा उरला नाही, हे खरं. त्याने हे पोटकलम मात्र पुसलं गेलेलं नाही.

तुमच्या बाजूने एवढंच, की रद्द करणं कोर्टावर बंधनकारक नाही. घरभाडं कोण भरतं, किराणा कोणाच्या पैशाने येतो, तुमचा पगार किती, हे सगळं तपासलं जाईल. पगार तेव्हापेक्षा वाढला असेल तर बदललेली परिस्थिती म्हणून 25(2) खालीही रक्कम कमी होऊ शकते.

इथे कोणीतरी सांगेल, ‘जोडीदाराला पेइंग गेस्ट दाखवा.’ अजिबात नको! सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात खोटं सापडलं, तर पोटगीपेक्षा मोठं प्रकरण अंगावर येतं.

मुलीचे 8 हजार हा वेगळा विषय आहे. तुम्ही कोणासोबत राहता यावर बापाची जबाबदारी ठरत नाही. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव आला तर मुलीची रक्कम त्यात मिसळू देऊ नका आणि तडजोड कोर्टात नोंदवूनच घ्या. मुलीच्या ताब्याचा वाद उकरला जाण्याची शक्यता आहे, तेव्हा शाळेची फी कोण भरतं, पालकसभेला कोण जातं, याची कागदपत्रं जपा.

हुकमाची प्रमाणित प्रत आणि बँकेचं पासबुक घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. नोटिशीचं उत्तर लेखी जाऊ द्या. फोनवर पूर्वीच्या पतीशी काहीही कबूल करू नका.