जमिनीचा ‘सट्टा’ म्हणता येतं का?

रॉबर्ट मॉरिस, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा पुरवणारा फिलाडेल्फियाचा व्यापारी, त्याच्यावरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात लँड स्पेक्युलेटरला जमीनदार म्हणू की दलाल, सट्टेबाज म्हटलं तर मटका वाटतो, असा प्रश्न आलाय. मी म्हणेन बिनधास्त सट्टेबाज लिहा. दलाल दुसऱ्यांचा सौदा जुळवून दलाली खातो, जमीनदार खंडावर जगतो, आणि मॉरिसला यातलं काहीच नको होतं, त्याला फक्त भाव चढायला हवा होता, मग जंगल युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचं. तेही सगळं उधारीवर! मुंबईत 1865 च्या आसपास बॅकबेचा समुद्र बुजवणाऱ्या भरावाच्या शेअरवर जे चाललं त्यालाही आपण सट्टाच म्हणतो की, तिथे कुठे मटका होता.

1795 मध्ये मॉरिस, जॉन निकल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ यांनी नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी काढली. पेनसिल्व्हेनियापासून जॉर्जियापर्यंत मिळून साधारण 60 लाख एकर, भाव धरला एकरी 50 सेंट, शेअर 100 डॉलरचा आणि वर 6 टक्के डिव्हिडंडची हमी. आता पडीक रानातून 6 टक्के येणार कुठून? टॅक्स मात्र भरावाच लागतो, थकला की जमीन लिलावात, शिवाय सावकारांचं व्याज चालूच, म्हणून मग मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या कागदांवर सह्या करत सुटले, हा त्याला जामीन, तो ह्याला जामीन, आणि खिसे दोघांचेही रिकामे. या कागदांना हुंडी लिहू नका हां, हुंडीत तिसऱ्याला ‘अमक्याला पैसे दे’ असं सांगितलेलं असतं, इथे ‘मी देईन’ एवढंच आहे, म्हणजे वचनचिठ्ठी.

युरोपात युद्ध पेटलेलं, तिकडून पैसा येईना, चिठ्ठ्यांना कुत्रं विचारेना. देणेकऱ्यांना चुकवायला मॉरिस आपल्या बंगल्यात दारं लावून बसला... सॉरी, घेणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे तो देणं लागत होता त्यांना, हे दोन शब्द भाषांतरात हमखास उलटे पडतात, जपा. फेब्रुवारी 1798 मध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या प्रून स्ट्रीटवरच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं, त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन तिथे जाऊन त्याच्याबरोबर जेवून आला.

आणि एक, 1798 च्या वाक्यात ‘दिवाळं निघालं’ लिहा, ‘दिवाळखोर जाहीर झाला’ नको. दिवाळखोरीचा देशभराचा कायदाच मुळी 1800 चा, त्याच्याच आधाराने मॉरिस 1801 ला सुटला.