जेल पॉलिशखाली नख चिरलं तर पॉलिश न काढता दुरुस्त करता येतं का?

तुमच्या उजव्या तर्जनीचं नख कडेने चिरलंय, पॉलिश मात्र दहा दिवसांचं आणि अजून चकाचक. नणंदेच्या लग्नाला चार दिवस उरलेत, तर वरूनच फेविक्विकचा थेंब सोडून भागेल का, असं विचारलंय. नाही भागणार. थेंब बसेल पॉलिशवर आणि चीर राहील खाली. आंघोळीला, भांड्यांना पाणी आत शिरतं, नख फुगतं, वाळतं, पुन्हा फुगतं आणि चीर वाढत जाते. मी डोंबिवलीत घरीच नखांचं काम करते. असं वरून चिकटवून आलेल्या एकीचं पॉलिश काढलं तर खाली हिरवट डाग. तिला वाटलं रंग उतरलाय. तो ओल कोंडल्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा डाग असतो.

आधी चीर कुठवर गेलीय ते बघा. डोक्यावरचा एक केस घ्या आणि नखाच्या कडेवरून ओढा. अडकला, तर तिथे जेल फुटलंय किंवा सुटलंय. चीर फक्त पुढच्या पांढऱ्या भागात असेल तर मोह सोडा, नख कापा आणि बाकीची नऊही थोडी उतरवा. लग्नात नखांची लांबी कोणी मोजत नाही. गुलाबी भागात शिरली असेल तरच पुढची खटपट. रक्त आलं असेल, ठणकत असेल, तर ग्लू नको, जेल नको. धुवा, कोरडं करा, पट्टी बांधा आणि त्या बोटाला सुट्टी द्या.

आता पॉलिश. सोलून काढू नका, जेलसोबत नखाचा पापुद्राही येतो. तुमचं नख आधीच्या वेळी असं सोलल्यामुळेच पातळ झालं असेल, अशी मला दाट शंका आहे. कानसने वरची चकाकी घालवा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवून फॉइल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. सुटलेलं जेल लाकडी काडीने हलकेच ढकला. पार्लरमध्ये हात बसलेली मुलगी असेल तर ती रंगापर्यंतच घासते आणि घट्ट बसलेला बेसकोट, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तसाच ठेवते, कारण चिरेला तोच धरून असतो. घरी ते जमवायला जाऊ नका.

मग टी-बॅगचा उपाय. आपल्याकडे चहा पावडरचाच, पण ग्रीन टीची एखादी पिशवी कपाटात पडलेली असते. पिशवी कागदी हवी, ती जाळीदार नायलॉनची चालत नाही. पावडर झटका आणि तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा कापा. नख हात धुऊन पूर्ण कोरडं, तेलकटपणा पुसलेला. चिरेवर नेल ग्लूचा अगदी छोटा थेंब, त्यावर चिमट्याने कागद. कागद ग्लू पितो आणि बघता बघता पारदर्शक होतो, तेव्हाच कळतं की नीट बसला. कडेला बुडबुडा दिसला तर काडीने दाबा. वाळल्यावर दुसरा पातळ थेंब, मग बफरने, म्हणजे मऊ कानसने, कडा इतक्या घासा की बोट फिरवल्यावर काही लागू नये. ग्लू पुसायला कापूस मात्र घेऊ नका. हा ग्लू कापसावर पडला की एवढा तापतो की चटका बसतो. मी एकदाच खाल्लाय, पुरे झाला.

त्यावर बेसकोट, दोन हात रंग, टॉपकोट, सगळं पातळ आणि प्रत्येक थर बाटलीवर लिहिलेला वेळ जेल सुकवायच्या लॅम्पखाली. जाड थर दिला तर लॅम्पमध्ये नख भाजल्यासारखं होतं. तसं झालं तर हात लगेच बाहेर काढा. जेल कातडीला लागलं तर लॅम्पआधी पुसा. न सुकलेलं जेल वारंवार लागून अ‍ॅलर्जी झाली तर ती जन्मभर राहते, आणि दाताच्या कामातही याच कुळातली रसायनं असतात.

ही डागडुजी दोन आठवडे धरते, कधी तीन. नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे चीर पुढे सरकून कापली जाईपर्यंत एक-दोनदा पुन्हा करावी लागेल. पण नख दरवेळी मुळापासून त्याच रेषेत दुभंगत असेल तर हे माझं काम नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

रंगाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. हळदीला हात घालणार असाल तर फिकट गुलाबी लावू नका, पिवळं पडतं आणि फोटोत तेच दिसतं. मरून लावा. लसूण सोलायचं काम चार दिवस दुसऱ्या कोणाकडे.