शाळेची लायब्ररी गावाशी कशी जोडायची?

तुम्ही विचारलंय की जि.प. शाळेच्या लायब्ररीला गावाची साथ कशी मिळवायची, तर अनुभवावरून सांगते, वर्गणी मागायला जाण्याआधी कपाटाचं कुलूप काढा. आमच्याकडे पुस्तकं हरवतील म्हणून कपाट बंदच असायचं, मग शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत 60 पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून किराणा दुकानात ठेवली, नोंदीला साधी शंभर पानी वही, दुकानदारकाका ती उधारीच्या वहीशेजारीच ठेवायचे. चार-पाच पुस्तकं फाटून आली, पण मुलांच्या आया स्वतःसाठी पुस्तकं मागायला लागल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालांना भेटाच, महिन्याला थोडी पुस्तकं अदलाबदल करता येतील का विचारा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा आजी-आजोबांना गोष्टी सांगायला बोलवा, नुसती भाषणं नकोत. आणि जमलं तर पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन या, तिथे 2017 पासून लोकांच्या घरांत, देवळात पुस्तकं मांडलीयत, कोणीही जाऊन वाचत बसावं. जाताना सरपंचांना सोबत न्या.